मनगटावरची नोंद कोणाच्या वहीत?

लावणीच्या तोंडावर कुंभिवलीत एक आरोग्य शिबिर झाले. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली आणि जाताना साठीच्या पुढच्या मंडळींच्या मनगटावर एकेक काळा पट्टा बांधून दिला. फुकट. नाडीचे ठोके, पावले, झोप सगळे मोजतो म्हणे. फॉर्म इंग्रजीत होता. मोबाइलवर आलेला ओटीपी म्हाताऱ्यांनी विचारल्याबरोबर सांगून टाकला. आठ-दहा दिवसांत त्यातल्या काहींना विम्याचे आणि गुडघ्याच्या तेलाचे फोन सुरू झाले. ते पट्ट्यामुळेच, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण शिबिरवाल्यांना शेतकरी गटाची मोबाइल नंबरांसकट यादी मीच दिली होती. देताना गटातल्या कोणालाही विचारले नव्हते, हे इथे कबूल करतो.

यंत्र वाईट नाही. पट्ट्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो, तो कातडीत उजेड सोडतो. रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर तर मधुमेहवाल्याचे रोजचे बोट टोचणे बरेच वाचवतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तर जरूर वापरावा. पण आकडा मनगटावर थांबत नाही. तो मोबाइलात जातो, तिथून कंपनीच्या संगणकात, आणि ती कंपनीही उद्या दुसऱ्याची होते. फिटबिट कंपनी जानेवारी २०२१ मध्ये गुगलच्या ताब्यात गेली. तेव्हा युरोपने गुगलकडून लिहून घेतले की ही आरोग्याची माहिती १० वर्षे जाहिरातींसाठी वापरणार नाही. तेही युरोपातल्या लोकांपुरतेच. आपल्यासाठी असे कोणी लिहून घेतलेले नाही.

हे शहरातल्या शिकलेल्यांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. त्याने नागपूर आठवावे. तिथे २०१८ च्या सुमारास महापालिकेच्या सफाई कामगारांच्या हाताला जीपीएसची घड्याळे बांधली. घड्याळ हद्दीबाहेर दाखवते म्हणून पगार कापला जातो, अशी कामगारांची तक्रार होती. २०२० मध्ये चंदिगडातही तेच सुरू झाले. तिथल्या बायांना धास्ती वेगळीच, शौचालयात जातानाही हे मनगटावरच! यांची घड्याळे ठोके मोजण्यासाठी नव्हती. पण माणूस कुठे आहे हे मोजणारे यंत्र एकदा अंगावर चढले, की तो कसा आहे हे मोजायला फार वेळ लागत नाही.

आपल्या खालापूर-कर्जतची कितीतरी पोरे खोपोली, रसायनी, तळोज्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे आहेत. लावणीच्या दिवसांत तीच पोरे रात्रपाळी संपवून सकाळी चिखलात उतरतात. तेव्हा झोप तीन-चार तासांची. ती पट्ट्यात नोंदली गेली आणि ठेकेदाराने पाहिली, तर श्रावणात तो म्हणेल, तू कामाला फिट नाहीस. घरची आवणी लावली म्हणून ठोके वाढले, हे पट्ट्याला कळत नाही.

कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण मेख अशी, की नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराच्या संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा याच कायद्यात आहे. ज्याला तो पट्टा काढून ठेवायची सर्वांत जास्त गरज, त्याचेच हात बांधलेले. ही तरतूद बदलली पाहिजे, निदान आरोग्याच्या माहितीपुरती तरी.

दुसरी बाजू आपल्या उपयोगाची आहे. संमतीची सूचना मराठीत मागता येते, आणि दिलेली संमती परतही घेता येते. तेव्हा ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे), सरपंचांनी आणि आशाताईंनी शिबिराला समाजमंदिर देण्याआधी मराठी फॉर्म मागावा. माहिती कोण ठेवणार, किती दिवस, आणि कोणाला देणार, हे फॉर्मवर लिहिलेले नसेल तर परवानगी देऊ नये. यादी तर मुळीच देऊ नये. बियाण्याच्या कंपन्या, खतवाले, आता हे पट्टेवाले, सगळे आधी आमच्याकडेच येतात, कारण यादी आमच्या कपाटात असते.

मी शिबिरवाल्यांना पत्र लिहून यादी आणि पट्ट्यांतली माहिती काढून टाकायला सांगितले आहे. उत्तर आलेले नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय ठेवायला सांगितला आहे. ज्यांच्या मनगटावर पट्टे आहेत त्यांनी आपला मोबाइल घेऊन यावे. परवानगी कुठून बंद करायची ते तिथे बसून पाहू.