दुखणं माइकसमोर

अमेरिकेतल्या आर्थ्रायटिस फाउंडेशनचा ‘लिव्ह यस! विथ आर्थ्रायटिस’ हा पॉडकास्ट सुरू झाला तेव्हा त्याच्या दोन्ही सूत्रधार, रिबेका गिलेट आणि ज्युली एलर, स्वतःच रुग्ण होत्या. रिबेका व्यवसायाने ऑक्युपेशनल थेरपिस्ट. त्यांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. ज्युलींना लहान वयात होणारा संधिवात. त्यामुळे समोर तज्ज्ञ डॉक्टर बसले तरी प्रश्न रुग्णाचेच: थकवा, झोप, ऑफिसात सांगायचं की लपवायचं? आमवात म्हणजे म्हातारपणीची गुडघेदुखी नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पटींनी अधिक होतो आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात गाठतो. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, डब्याचं झाकण उघडत नाही. दुपारी तीच बाई धडधाकट दिसते आणि घरच्यांना वाटतं, नाटक करतेय. दवाखान्यात घाईगडबडीत हे सांगायचं राहून जातं, माइकसमोर सविस्तर बोलता येतं. शिवाय ऐकणारीला दुखऱ्या बोटांनी पुस्तक धरावं लागत नाही. मात्र एकीला आलेला गुण दुसरीला येईलच असं नाही. कुणाच्या मेथीच्या लाडवांचा अनुभव ऐकून मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध परस्पर बंद केलं, तर दाह पुन्हा उसळून सांध्यांची हानी वाढू शकते. आणि या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतू शकतं.