बाळसे की लठ्ठपणा?

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आम्ही उभयता धरमपेठेत वन्संकडे गेलो होतो. ओवाळणी आटोपली, फराळाची ताटे आली. नववीतला भाचा समोर बसला, तशी मी सहज बोलून गेले, "काय रे, यंदा आकाशकंदील जास्त गोल की तू?" सगळे हसले. तोही हसला, पण ताट तसेच ठेवून उठला. थोड्या वेळाने पाणी आणायला मी आत गेले, तो दिवा न लावता हा डब्यापाशी उभा राहून लाडू खात होता. मला पाहताच त्याने हात मागे लपवला. वाचकहो, तो लपवलेला हात अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आपली रीत मोठी चमत्कारिक. तान्हेपणी अंग भरले की "बाळसे धरले" म्हणून दृष्ट काढायची, आणि चौदाव्या वर्षी तेच अंग थट्टेला घ्यायचे! या दोहोंच्या मधे जे करायचे, ते मात्र राहून जाते.

शेजारच्या वर्ध्याचे उदाहरण घ्या. तेथील ३१ शाळांतल्या २,५५५ मुलामुलींची सेवाग्रामच्या डॉक्टरांनी केलेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. शंभरांत चारांहून थोडी अधिक मुले प्रमाणाबाहेर वजनाची निघाली. शहरात राहणारी, नोकरी-धंदा करणाऱ्या आईबापांची, इंग्रजी शाळेत जाणारी आणि मैदानावर अर्धा तासही न खेळणारी, अशांत हे प्रमाण जास्त. म्हणजे तुमच्या-आमच्या घरचीच की!

तेव्हा दोष एकट्या मुलाच्या जिभेचा नव्हे. सकाळी शाळेची गाडी, संध्याकाळी शिकवणी, बर्डीवर जायचे तरी स्कूटर, रात्री हातात मोबाइल. त्यात थंड पेयाची बाटली: तीनशे मिलिलिटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे साखर! अति साखर-मीठ-चरबीचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. पण आपल्या घरच्या फडताळापासून ५० मीटर कोणी मोजायचे?

वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब आणि मधुमेह आता या वयातही गाठतात. रोज तासभर खेळ किंवा भरभर चालणे हवेच. आणि मुख्य म्हणजे, जो नियम मुलाला, तोच साऱ्या घराला. बाबांनी भजी खायची आणि मुलाने काकडी चघळायची, हे चालायचे नाही.

पुढे एकदा भाच्याला एकटे गाठून मी त्याची माफी मागितली. "मामी, तुम्ही गंमतच तर केली होती," तो म्हणाला; पण मान खालीच होती.

यंदा भाऊबीजेला फराळ झाला की आम्ही सगळ्यांनी फुटाळ्यापर्यंत पायी जाऊन यायचे ठरवले आहे. वन्संनाही तसे कळवले आहे. कंदिलाबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. लाडू मात्र त्याच्या ताटात मीच वाढणार आहे, एकच, पण सगळ्यांच्या पंगतीत, उजेडात.