देवाचे पाणी आणि लेकरांची बाटली

उज्जैनच्या महाकालाच्या पिंडीची झीज होते आहे, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पुरातत्त्व आणि भूगर्भ खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयासमोर जे उपाय मान्य झाले, त्यांत पाण्याविषयी दोन होते: एका भक्ताने अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाहू नये, आणि ते आर.ओ. यंत्रातून शुद्ध केलेले असावे. निर्णय योग्यच होता. पाषाणाला पाणी बाधत असेल तर ते तपासून घालावे, यात अधर्म कसला? माझी तक्रार वेगळी आहे. ज्या गावात पाषाणरूप देवाला पाणी मोजून आणि शुद्ध करून मिळते, त्या गावातल्या शाळेच्या नळावर ‘हे पाणी अमुक तारखेला तपासले, निष्कर्ष हा’ असे लिहिलेला कागद मी अजून पाहिलेला नाही.

त्याऐवजी आपण काय केले? प्रत्येक लेकराच्या खांद्याला एक बाटली अडकवली आणि कर्तव्यातून मोकळे झालो. पूर्वी शाळेच्या ओसरीवर माठ असे, त्यावर झाकण आणि ओगराळे. आज पालकसभा भरली की मुख्याध्यापकाला पहिला प्रश्न येतो तो बाटलीचा. ‘सर, प्लॅस्टिक बंद करा, तांब्याची बाटली सक्तीची करा.’ प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. आणि अपुरे प्रश्न फार सोयीचे असतात.

बाटलीचे शास्त्र एकदा सांगून टाकतो, कारण ते अवघड नाही. टणक, काचेसारखे पारदर्शक पॉलिकार्बोनेट ज्यापासून बनते, ते बिस्फेनॉल-ए शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करते. २००८ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले, की अशा बाटलीत उकळते पाणी ओतले तर हे द्रव्य १५ ते ५५ पट वेगाने झिरपते. बाटली जुनी की नवी यापेक्षा पाणी किती गरम, याला महत्त्व. युरोपीय संघाने २०११ मध्ये तान्ह्या बाळांच्या बाटल्यांतून ते हद्दपार केले, आणि जानेवारी २०२५ पासून अन्नपाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी आणली, काही वस्तूंना मुदत देऊन. शीतपेयाची बाटली पेट नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकची. ते बनवताना वापरलेल्या अँटिमनीचा अंश पाण्यात उतरतो. एरवी तो मर्यादेच्या पुष्कळ आत असतो, पण उष्णतेने वाढतो. माळव्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि टपरीवर बाटल्यांची खोकी उन्हात रचलेली असतात. ‘बिस्फेनॉल-ए मुक्त’ या छापाने हुरळून जाऊ नये. त्याच्या जागी पुष्कळदा त्याचेच चुलतभाऊ घातलेले असतात.

आता तांब्याकडे वळू. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. आजीचे म्हणणे खोटे नव्हते. पण तांबे नायट्रेट काढत नाही, फ्लोराइड काढत नाही, कीटकनाशक काढत नाही. त्याच बाटलीत लिंबाचे सरबत भरले तर तांबे विरघळून पोरगे ओकाऱ्या काढते. सर्वांत निरुपद्रवी म्हणजे आतून रंग नसलेली, रुंद तोंडाची, हात घालून घासता येईल अशी साधी स्टीलची बाटली. बाटलीचा प्रश्न इथे संपतो.

तिच्यात भरलेल्या पाण्याचा प्रश्न मात्र इथे सुरू होतो. इंदूरचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेऊन खान नदी आमच्या क्षिप्रेला मिळते. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेत सोडतात. २०१६ च्या सिंहस्थाआधी खानचे पाणी घाटांना वळसा घालून पुढे नेण्यासाठी नळ टाकले. २०२८ च्या सिंहस्थासाठी तेच काम आणखी मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आहे. पर्वणी आली की पाण्याची आठवण होते. शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः गंभीर नदीवरच्या धरणातून मिळते. पण धरण शुद्ध असले तरी घरापर्यंतचा नळ शुद्ध असतोच असे नाही. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातले पहिले स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरमध्ये, भागीरथपुरा वस्तीत, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस नळाच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसे मेली. त्या घरांतल्या बाटल्या कशाच्या होत्या, याने काय फरक पडला असता?

श्रीमंत पालक म्हणेल, आमच्याकडे आर.ओ. आहे. असेल. पण ते यंत्र पाण्यातला क्लोरीनही काढून टाकते. मग नीट न धुतलेल्या बाटलीत जंतूंना अडवायला काही उरत नाही. आणि ज्याच्या घरी यंत्र नाही त्याचे काय? वर्गातल्या बाकांवर नजर टाका. एकाकडे गरम-गार राखणारी चकचकीत बाटली, दुसऱ्याकडे नक्षीदार तांब्याची, तिसऱ्याकडे महिनोन्‌महिने वापरून चेपलेली शीतपेयाची, आणि चौथ्याकडे काहीच नाही. तो शाळेच्या नळाचे पाणी पितो. नळाबद्दल मग कोणी बोलत नाही, कारण ज्यांचा आवाज चालतो त्यांची मुले त्या नळाला तोंड लावत नाहीत.

इंदूरजवळच्या महूला जन्मलेल्या बाबासाहेबांना लहानपणी शाळेत पाण्याला हात लावता येत नव्हता. शिपायाने वरून ओतले तरच पाणी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले, ते त्या पाण्याला विशेष चव होती म्हणून नव्हे. पाणी सर्वांचे आहे, हे सांगण्यासाठी. शंभर वर्षे होत आली, आणि आपण त्याच पाण्याचे खांद्याखांद्यावर खासगी वाटप करून टाकले. शिवाशिव गेली असे आपण म्हणतो. पण ‘माझी बाटली, माझे पाणी’ हे काही समतेचे लक्षण नव्हे.

मग करावे काय? फार थोडे. भारतीय मानक १०५०० सांगते, की शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही नसावा, आणि क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा. क्लोरीन पाहायला ओ.टी. चाचणीचे थेंब पुरतात: पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. सातवीतली पोरे हे शिक्षकाच्या देखरेखीखाली रोज करू शकतात. विज्ञानाचा याहून चांगला तास कोणता? टाकी कधी धुतली, आजचे क्लोरीन किती, प्रयोगशाळेचा शेवटचा अहवाल काय, हे तीन रकाने नळाशेजारी फळ्यावर लिहावेत. नगरपालिकेने प्रत्येक वॉर्डाचा अहवाल असाच चौकात लावावा. आणि शिक्षकांनी, मुख्याध्यापकासकट, त्याच नळाचे पाणी प्यावे. नळ आठ दिवसांत दुरुस्त होईल, हे मी खात्रीने सांगतो.

उज्जैनचे उदाहरण दिले म्हणून सीमाभागातल्या वाचकाने निश्चिंत होऊ नये. तुमच्या गावच्या शाळेत जा आणि नळाशेजारची भिंत पाहा. ती कोरी असेल, तर मुलाला नवी बाटली घेण्याआधी एक अर्ज लिहा.