शेवटचे कडवे

जुन्या भीमगीतांची कॅसेट लागली की आम्ही भावंडे टेपभोवती गोळा होत असू. आईला अक्षरओळख नव्हती, पण गाणे कोणाचे ते बिनचूक सांगे. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आले की म्हणे, ‘हे आपल्या वामनदादांचं!’ सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) स्वतःही मुंबईत आल्यावर, मोठेपणी अक्षरे शिकले. कवीची सही गाण्यातच असायची, तिला कागद लागत नसे.

आता पोरे मोबाईलवर तीच गाणी लावतात, चालीवर डोलतात आणि अर्ध्यावरच पुढच्या गाण्यावर जातात. नाव राहूनच जाते! म्हणून आम्ही घरात नेम केला, गाणे तोडायचे नाही. परवा धाकटीने विचारले, ‘गाणारा वेगळा, मग हा वामन कोण?’ आजी सांगत बसली. झोपायला अकरा वाजले.