छत्तीस गुणांची पत्रिका

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या घरी माळ्यावरचा संसार खाली उतरतो. यंदा शिडीवर मी चढलो होतो. चिरंजीवांनी जमवलेला मासिकांचा गठ्ठा आणि त्यांचा एक जुनाट संगणक, असा ऐवज हाती लागला. संगणक भंगारात द्यावा आणि मासिकं पुन्हा वर ठेवावीत, असा निवाडा मी देऊन टाकला. छापील कागदाविषयी मला भारी आदर!

चिरंजीव व्हिडिओचे संकलक. म्हणजे लोकांच्या लग्नामुंजीचं आठ तासांचं चित्रण कापून तासाभरावर आणायचं. मासिकं त्याच धंद्यातली, परदेशी. चहा घेता घेता ती चाळली. संकलनाच्या सॉफ्टवेअरचं परीक्षण म्हणजे थेट पत्रिका जुळवणंच की! वेग किती, करामती किती, किंमत किती. कोष्टकात बरोबरच्या खुणा आणि शेवटी गुणांची बेरीज.

“बाबा, छत्तीस गुण जुळलेली लग्नंही मोडतात,” असं म्हणून चिरंजीवांनी २०११ सालची हकीगत सांगितली.

त्या जूनमध्ये ॲपल कंपनीने ‘फायनल कट प्रो एक्स’ बाजारात आणलं. आधीच्या ‘फायनल कट प्रो ७’वर कितीतरी संकलकांचं पोट चालत होतं. नवं रूप चपळ, किंमत तीनशे डॉलरांच्या आत. काही परीक्षणांनी पाठही थोपटली. पण जुन्या आवृत्तीत केलेलं काम नवीत उघडेना! अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जुळवण्याची सोयही गायब. संकलकांनी काहूर माजवलं. काहींना कंपनीने पैसे परत केले. कॅमेऱ्यांची ती सोय २०१२च्या जानेवारीत आली. कित्येक जण मात्र जुन्यालाच धरून राहिले. ‘पॅरासाइट’ हा २०१९चा कोरियन चित्रपट त्या जुन्या ‘७’वरच संकलित झाला, आणि २०२० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला.

“परीक्षणात नवं काय आलं ते सविस्तर असतं,” चिरंजीव म्हणाले. “जुनं उघडेल का, हे आम्हाला आधी हवं असतं.”

मी मान डोलावली. पण त्यासाठी हे धूड कशाला जपायचं? त्यांनी काही न बोलता तारा जोडल्या. पडद्यावर माझी आई आली. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा! तयार झालेल्या व्हिडिओत तिच्या बोलण्यावर सनई चढवलेली आहे, त्यामुळे आजवर आम्ही सनईच ऐकत आलो. संकलनाची मूळ फाइल नव्या संगणकावर उघडत नाही. इथे उघडली. चिरंजीवांनी सनईची पट्टी तेवढी बंद केली.

“अरे, पंगतीला आधी पाणी वाढा रे,” आई सांगत होती.

तिला जाऊन नऊ वर्षं झाली. स्वयंपाकघरातून ही कढई उतरवून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

तेव्हा वाचकहो, नवं काही घेताना गुण जरूर मोजा. पण जुन्याचं काय होणार, हेही विचारून ठेवा.

संध्याकाळी मासिकं रद्दीवाल्याकडे गेली. संगणक पुसून, आईच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून हिने माळ्यावर ठेवायला दिला. शिडीवर अर्थात मीच!