बांबालीचा माने

रमजानच्या महिन्यात या पानावर दानाविषयी बरेच लिहिले जाते. जकात किती काढावी, कोणाला द्यावी, फित्रा ईदच्या नमाजाआधी का पोहोचवावा, हे दरवर्षी येते आणि यायलाही हवे. आज एका फुटबॉलपटूच्या निमित्ताने दानाची दुसरी बाजू पाहू. दान द्यावे लागते, कारण कुठेतरी काहीतरी कमी असते. ते का कमी आहे, हा प्रश्न देणाऱ्याच्या कौतुकात मागे पडतो.

हा फुटबॉलपटू म्हणजे सेनेगलचा आघाडीपटू सादिओ माने. आडनाव ओळखीचे वाटले तरी हा आपल्याकडचा माने नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या मुस्लिमबहुल देशातले बांबाली हे त्याचे गाव. जन्म १० एप्रिल १९९२चा. हे गाव देशाच्या दक्षिणेकडील काझामान्स भागात आहे आणि राजधानी डाकार उत्तरेत. दोहोंच्या मधे गांबिया हा चिंचोळा देश पाचरीसारखा घुसलेला आहे. २०१९ मध्ये गांबिया नदीवर पूल झाला. तोवर डाकारला रस्त्याने जायचे तर फेरीबोटीची वाट पाहायची, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा. त्यातच १९८२ पासून या भागात स्वतंत्र काझामान्ससाठी सशस्त्र संघर्ष चालू झाला. शाळा, दवाखाने, रोजगार इथे उशिरा आले, काही गावांत आलेच नाहीत.

सादिओ सात वर्षांचा असताना त्याचे वडील आजारी पडले. गावात रुग्णालय नव्हते. उपचारांसाठी त्यांना दुसऱ्या गावी नेले, ते परत आलेच नाहीत. बहिणीचा जन्मही घरीच झाला, कारण बाळंतपणासाठी जायला जागा नव्हती. हे त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे.

तो दहा वर्षांचा असताना, २००२ मध्ये, सेनेगल पहिल्यांदाच विश्वचषकात खेळला. सलामीलाच त्यांनी गतविजेत्या फ्रान्सला १-० असे हरवले, पुढे उपांत्यपूर्व फेरीही गाठली. ज्या फ्रान्सने या देशावर राज्य केले, त्याला हरवलेले पाहून गावोगावची पोरे चेंडूमागे धावू लागली. मानेच्या घरच्यांना मात्र त्याने शिकावे असे वाटत होते. पंधराव्या वर्षी तो कोणाला न सांगता डाकारला पळाला. घरच्यांनी शोधून परत आणले. अखेर तडजोड झाली, की शाळेचे आणखी एक वर्ष पूर्ण कर, मग जा.

डाकारच्या निवड चाचणीत तो जुने, फाटके बूट घालून उतरला होता, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या चाचणीमागे काय उभे होते, ते फारसे सांगितले जात नाही. त्याला निवडले ते 'जेनेरासिओं फूत' या अकादमीने. ही संस्था २००० साली सुरू झाली. फ्रान्सच्या मेट्झ क्लबशी तिचा करार आहे. मेट्झ पैसे आणि प्रशिक्षणासाठी मदत देते, त्या बदल्यात तयार खेळाडूंवर पहिला हक्क मेट्झचा. या व्यवहारात जास्त फायदा युरोपचा होतो, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. तरीही मुलाला राहायला जागा, जेवण, प्रशिक्षक आणि पुढे कागदोपत्री करार मिळतो. माने फ्रान्सला पोहोचला तेव्हा १९ वर्षांचा होता, म्हणजे कायद्याने सज्ञान.

पहिल्याच हंगामात मेट्झची घसरण तिसऱ्या श्रेणीत झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गने त्याला सुमारे ४० लाख युरोंना घेतले. तेथून २०१४ मध्ये इंग्लंडचा साउदम्प्टन. मे २०१५ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने २ मिनिटे ५६ सेकंदांत तीन गोल केले. प्रीमियर लीगमधली ती सर्वांत वेगवान हॅटट्रिक. २०१६ मध्ये लिव्हरपूल, २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगचे विजेतेपद. त्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक प्रत्येकी २२ गोल तिघांनी केले. माने, इजिप्तचा मोहम्मद सलाह आणि गॅबॉनचा ऑबामेयांग. तिघेही आफ्रिकेचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आफ्रिकी नेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने सातव्याच मिनिटाला पेनल्टी वाया घालवली. सामना पेनल्टी शूटआउटवर गेला आणि विजयाचा शेवटचा फटका त्यानेच मारला. सेनेगलचे ते पहिले विजेतेपद.

रोजे ठेवून हे खेळाडू खेळतात कसे, असा प्रश्न या दिवसांत हमखास विचारला जातो. मानेने सांगितले आहे, की लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन याने प्रशिक्षकांशी बोलून रमजानमध्ये सराव सकाळी ठेवून घेतला. सहरीनंतर थोड्या वेळाने सराव, मग घरी विश्रांती. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्त झाला, तेव्हा पॅलेसच्या गोलरक्षकाने गोल किक घ्यायला मुद्दाम थोडा वेळ लावला. तेवढ्यात वेस्ली फोफाना आणि सेनेगलचाच शेखू कुयाते यांनी मैदानाच्या कडेला रोजा सोडला. आधी ठरवूनच हे केले होते आणि कोणाचे काही बिघडले नाही. उलट २०२३ मध्ये फ्रान्सच्या महासंघाने रोजा सोडण्यासाठी सामना थांबवू नका, असे पंचांना कळवले. माणूस तोच, रोजा तोच. भोवतालच्यांनी थोडी जागा करून दिली की नाही, एवढाच फरक. सामन्याच्या दिवशी अमुक खेळाडूचा रोजा होता का, हा हिशेब आपण प्रेक्षकांनी ठेवू नये. प्रवासात आणि आजारपणात सवलत आहेच. बाकी त्याचे आणि त्याच्या अल्लाहचे.

ज्यांना अशी जागा कोणीच करून दिली नाही, त्यांचे काय होते? आफ्रिकेतल्या शहरांत 'एजंट' म्हणवणारे लोक फिरतात. मुलगा हुशार आहे, फ्रान्समध्ये चाचणी ठरली आहे, पासपोर्ट-व्हिसाला पैसे लागतील, असे सांगतात. घरचे कर्ज काढतात, जमीन विकतात. मुलगा पॅरिसला उतरतो, एजंट नाहीसा होतो. व्हिसा संपलेला, खिशात काही नाही आणि रिकाम्या हाताने घरी परतायची लाज. अशा मुलांसाठी कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू जाँ-क्लोद म्बूमँ यांनी २००० साली फ्रान्समध्ये 'फूत सॉलिडेर' ही संस्था काढली. २००१ पासून १८ वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदल्यांवर 'फिफा'ची बंदी आहे, काही अपवाद सोडून. तरीही बार्सिलोनासारख्या बड्या क्लबला ती मोडल्याबद्दल २०१४ मध्ये शिक्षा झाली. एजंटांची परवाना पद्धत २०१५ मध्ये 'फिफा'ने सोडून दिली होती. ती २०२३ मध्ये परत आणावी लागली, यातच सगळे आले.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. आखातातल्या नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळणारे एजंट कोकणातल्या घरांना चांगले माहीत आहेत. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्यांनी नोंदणी केलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे १९८३ पासून आहे. तरी आईचे दागिने मोडले जातात, ते नोंदणी तपासण्याआधीच.

माने आपल्या गावाला विसरला नाही. बांबालीत त्याने शाळा बांधली आणि २०२१ मध्ये रुग्णालय उभे केले. बातम्यांनुसार त्याचा खर्च सुमारे ५ लाख पाउंड. आसपासच्या गावांनाही त्याचा उपयोग होतो. २०२२ मध्ये याच कामासाठी फुटबॉल जगताने त्याला सॉक्रेटिस पुरस्कार दिला. वडील ज्या अभावाने गेले, तो अभाव मुलाने भरून काढला. यापेक्षा मोठे सत्कार्य कोणते?

पण हेच उलटे करून पाहा. साल्झबर्गने तेव्हा त्याला घेतलेच नसते तर? एखाद्या धडकेत गुडघा कायमचा गेला असता तर? बांबालीला रुग्णालय मिळाले नसते. हजारो लोकांचे बाळंतपण, ताप, सर्पदंश हे सगळे एका तरुणाच्या पायांवर अवलंबून राहिले, याचा आनंद मानावा तेवढीच काळजीही वाटायला हवी. जकात ही गरजवंतावरची मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग दवाखाना हाही हक्कच. तो सरकारने द्यायचा असतो. नशीबवान गावकऱ्याने दिला तर त्याचे आभार मानावेत, पण सरकारला सूट देऊ नये.

या रमजानमध्ये जकात जरूर काढा. ज्यांना जकात लागू नाही, तेही आपापल्या सणाला काही ना काही देतातच. त्यासोबत एक काम सगळ्यांनी मिळून करण्यासारखे आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतो का, सर्पदंशाचे इंजेक्शन शिल्लक आहे का, हे एकदा जाऊन विचारा. नसेल तर अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. प्रत्येक गावात माने जन्माला येत नाही.