शोभेच्या झाडाला पाणी कोण घालतं?

आमच्या माणदेशात हल्ली वास्तुशांतीच्या आधी नर्सरीचा टेंपो दारात येतो. फरशीच्या कडेनं पामच्या कुंड्या, कुंपणाला पिवळा डुरांटा, फाटकापाशी कात्रीनं गोल कापलेलं फायकस आणि मधल्या मोकळ्या जागेत हिरवळीचे तुकडे. जुनं घर पाडताना परसातली तगर, जास्वंद, कोरांटी जेसीबीच्या एका फटक्यात निघालेली असते. तिची चौकशी कुणी करत नाही. मग आल्यागेल्याला हिंडवून दाखवायचं, “गार्डन केलंय.”

शोभेला माझा विरोध नाही. गरिबाच्या दारातही शोभा होतीच. फुटक्या घागरीत सदाफुली असायची, पत्र्याच्या डब्यात अबोली असायची, आणि त्यावरून बायकांची भांडणंही व्हायची. माझं भांडण एका समजुतीशी आहे. शोभेचं झाड म्हणजे नुसतं बघायचं, त्याचा हिशेब मागायचा नाही, ही ती समजूत. झाड पाणी पितं, मुळं पसरतं, बी टाकतं. त्याचा हिशेब कुणाला ना कुणाला चुकता करावाच लागतो.

पहिला हिशेब पाण्याचा. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरा. हजार चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या वर जातं. सहा-सात दुभत्या जनावरांचं पाणी झालं की हे! २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. तरी दुष्काळी पट्ट्यात लॉन अंथरायची हौस काही फिटत नाही. आणि पाणी घालतं कोण? मालक पुण्यात नाहीतर मुंबईत. गावात राहते ती म्हातारी आई, नाहीतर धाकटी भावजय. टँकर आला की हंडे तिनंच भरायचे, आणि उरलंसुरलं पाणी त्या हिरवळीवर शिंपडायचं. हौस एकाची, कंबरडं दुसऱ्याचं.

आमच्या आज्जीची रीत उलटी होती. ती आधी पाण्याची वाट बघायची, मग झाड लावायची. न्हाणीचं पाणी जिथं निघतं तिथं कर्दळ आणि अळू. भांडी घासायच्या दगडाखाली जास्वंद. जिथं पाणी पोचायचंच नाही तिथं कोरांटी, म्हणजे कुंपणही झालं आणि हिवाळ्यात फुलंही. कण्हेर पार कोपऱ्यात, गोठ्यापासून लांब, कारण तिच्या पानापासून मुळापर्यंत सगळं विषारी. पोरं तिकडं वळली की आज्जी ओरडायची, “हात लावू नगा रं, चीक हाय त्यात!” मोगऱ्याला थंडीत पाणी तोडायची, पाला खुडायची, छाटायची, बुडाशी शेणखत टाकायची. उन्हाळ्यात मोगरा फुलला की गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या वेणीला पुरायचा. असं काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. घागर स्वतःच्या डोक्यावर असली की माणूस झाड विचार करून निवडतं.

दुसरा हिशेब रानाचा. टणटणी, म्हणजे घाणेरी, आज आमच्या माळावर, ओढ्याकाठी, डोंगराच्या उतारावर मावत नाही. ती इथली नव्हे. मूळची अमेरिका खंडातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावली. रंगीत फुलं दिसायला गोड, फळं पाखरांनी खाल्ली, बी रानोमाळ गेलं. आज देशभरातल्या जंगलांत तिनं गवताची जागा बळकावलीय. जनावरानं पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. जलपर्णीचंही तेच. जांभळ्या फुलाच्या मोहानं आणली आणि आता इंद्रायणी-पंचगंगेवर यंत्रं लावून काढावी लागते. बाग सोडून पळालेली ही शोभेचीच झाडं आहेत.

तिसरा हिशेब अगदी ताजा आहे. झटपट वाढतं, बारमाही हिरवं राहतं म्हणून रस्तोरस्ती कोनोकार्पस लावलं गेलं. गुजरातनं २०२३ साली वनखात्याच्या रोपवाटिकांत आणि वनक्षेत्रात त्यावर बंदी घातली. परागकणांनी सर्दी-खोकला-दम्याचा त्रास आणि मुळांनी गटारांची, जमिनीखालच्या तारांची नासाडी, अशी कारणं दिली. इतकं होऊनही आमच्याकडं तेच झाड टेंपोतून उतरताना मी पाहतो.

यावर पुतण्याचं म्हणणं असं, “नाना, तुमची झाडं कचरा करतात, अळ्या पडतात. डुरांट्याला काही करावंच लागत नाही.” करावं लागत नाही कसं? पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी कात्री लावली नाही तर तो माणसाएवढा वाढतो. त्याची पिवळी फळं पोराच्या तोंडात गेली तर विषबाधा होते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो हे खरं. पण शेंडे खुडावेत, साबणाचं पाणी नाहीतर निंबोळी अर्क मारावा, आवरतो. आणि पारिजातकाच्या सड्याला कचरा म्हणणाऱ्याशी मी काय वाद घालू?

काहीजण मला स्वदेशीवाला ठरवतात. तेही खोटं. आमच्या दारची सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिकेची, बोगनवेल ब्राझीलकडची. देवाला वाहतो तो पांढरा चाफाही अमेरिकेकडचाच. त्यांना मी परकं म्हणणार नाही. आपल्या उन्हात, आपल्या पाण्यात ती निभावली. बोगनवेलीला तर पाणी जास्त झालं की पाला माजतो आणि फूल कमी येतं. असलं झाड दुष्काळी गावानं जीव लावून वाढवावं. जात नको बघायला, एप्रिलमधलं वागणं बघावं.

पण सरकारी सुशोभीकरणाला एप्रिल ठाऊकच नसतो. आमच्या भागातल्या एका शाळेत जुलैमध्ये पाहुण्यांच्या हस्ते रोपं लागली, फोटो निघाले. मे महिन्यात जाळ्यांत वाळक्या काड्या उभ्या होत्या. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत तीच जात, नवं बिल. तगरीची फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की फुटते, तिला पैसा पडत नाही. म्हणूनच बहुधा तिचं नाव कुठल्या अंदाजपत्रकात सापडत नाही.

म्हणून ग्रामसभेत माझी एकच मागणी असते. सुशोभीकरणाच्या कागदावर सही करण्याआधी झाडाचं नाव लिहा, त्याला एप्रिल-मेमध्ये किती पाणी लागेल ते लिहा, आणि ते पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव लिहा. तिसरा रकाना आला की सभा गप्प होते. घरात नवं झाड आणताना मालकानंही तो रकाना भरावा, आणि भरण्याआधी त्या बाईला विचारावं.